हलकं केलेलं मालीशचं टेबल

“मावशी, खरं खरं सांगा, आमच्यात सगळ्यांत जड कोण?”

हा प्रश्न टाचणीने विचारला, पण तो तिच्या एकटीचा नव्हता. दाराबाहेर चौघीजणी तोंडावर हात दाबून उभ्या होत्या. त्यांनीच पैज लावून तिला आत ढकललं होतं. विचारलंस तर आठवडाभर तुझ्या बाटल्या आम्ही धुऊ, कच खाल्लीस तर आमच्या सगळ्यांच्या तू धुवायच्या. सायकलच्या संघात नव्याने आलेल्या मुलीला याहून मोठी शिक्षा नाही. गोड सरबताचा चिकटा बाटलीच्या बुडाशी असा बसतो, की ब्रशसुद्धा हात टेकतो.

मावशींनी तेलाची बाटली खाली ठेवली आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “मला काय विचारतेस? माझे हात नुसते वरून फिरतात. तुम्हाला सगळ्यांना पेलतं ते हे टेबल. त्याला विचार.”

मग काय! टाचणी खरंच वाकली, माझ्या उशाशी असलेल्या गोल भोकात तोंड घातलं आणि ओरडली, “अहो टेबल, बोला, जड कोण?”

मित्रांनो, अकरा वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. उत्तर माझ्यापाशी होतं, अगदी किलोच्या हिशेबात होतं. पण बोलणार कशाने? माझ्या अंगाला तोंडासारखं जे दिसतं, ते भोक तर तुमच्या तोंडांसाठी पाडलेलं!

तर मी आहे एक जुनं, घडीचं, निळ्या रेक्झिनचं मालीशचं टेबल. एका सुताराच्या कारखान्यात माझा जन्म झाला. त्याने मला चार लाकडी पाय दिले, पायांच्या दोन्ही जोड्यांमध्ये एकेक आडवी पट्टी ठोकली, पोटाखालून तारा ताणल्या आणि मधोमध बिजागऱ्या बसवल्या, म्हणजे मिटलं की मी पेटीसारखा होईन. फोम आणि रेक्झिन त्याच्या बायकोने चढवलं. माझी परीक्षा मोठी झकास झाली. सुतार, त्याचा भाऊ आणि भावजय असे तिघंही माझ्यावर चढले आणि नाचले! मी हललोसुद्धा नाही. “हत्ती झोपव यावर,” भावजय म्हणाली. ते वाक्य मी आयुष्यभर छातीवर बिल्ल्यासारखं मिरवलं.

मावशींनी मला विकत घेतलं आणि मी थेट मुलींच्या सायकल संघात येऊन पडलो. तेव्हापासून माझं बिऱ्हाड म्हणजे व्हॅनची मागची बाजू. एका अंगाला चाकं, दुसऱ्या अंगाला केळ्यांची खोकी. आज हॉटेल, उद्या शाळेचा वर्ग, परवा कुठल्यातरी क्रीडा संकुलातली कपडे बदलायची खोली, जिथे भिंतीतला नळ ठिबकतो आणि दाराची कडी लागतच नाही. मला उघडायला जागा हवी म्हणून दरवेळी कुणाचातरी पलंग उभा करायचा आणि दरवेळी त्याखाली कुणाचातरी हरवलेला मोजा सापडायचा.

मी एकही शर्यत पाहिलेली नाही. खोटं वाटेल, पण खरं आहे. शर्यत मला अंगांवरून कळते. पोटऱ्या आपोआप थडथडत असल्या की समजावं, आज घाट होता. कोपरात खडी रुतलेली असली की समजावं, वळणावर पाच-सहाजणी एकमेकींवर कोसळल्या. आणि भोकातून खाली फरशीवर टपटप पाणी पडू लागलं की समजावं, आज थोडक्यात गेलं. ते पाणी मावशी गुपचूप पायानेच पुसायच्या आणि वरून म्हणायच्या, “घाम फार येतो बाई तुम्हाला.”

मावशींचा एकच नियम होता: टेबलावरचं टेबलावर. कोण कुणावर रुसलंय, कुणाचं घरी काय बिनसलंय, कुणाला संघ सोडायचाय, ते सगळं भोकातून फरशीला सांगायचं आणि विसरायचं. त्या नियमाच्या जोरावर मुली माझ्यावर येऊन मोकळ्या व्हायच्या.

संघातली सगळ्यांत वेगवान मुलगी इंजिन. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये तिच्यापुढे कुणाची टाप नव्हती. मांड्या अशा, की मावशींना दोन्ही हात लावावे लागत. “मावशी, जरा बेताने! ही मांडी माझी नाही, संघाची मालमत्ता आहे,” असं ती कण्हत कण्हत म्हणायची. एकदा मोठी शर्यत जिंकल्यावर तिने सगळ्यांदेखत माझा मुका घेतला. “हे टेबल नसतं तर मी काल उठलेच नसते!” माझ्या रेक्झिनवर चिखलाचे दोन ओठ उमटले. मावशींनी ते चार दिवस पुसले नाहीत.

आणि मग आली टाचणी. सतरा वर्षांची, अंगाने बारीक, बोलण्यात टोकदार, म्हणून हे नाव. एका खांद्यावर सायकलची पिशवी, दुसऱ्यावर बारावीची पुस्तकं. ती माझ्यावर कधी चढलीच नाही, उडीच मारायची! धप्प! मग पालथी पडून भोकात तोंड घालून अखंड बडबड. रसायनशास्त्राच्या बाईंची नक्कल, संघाच्या प्रशिक्षक सरांच्या शिट्टीची नक्कल, बाबांनी घरातल्या भिंतीवर नकाशा लावून प्रत्येक शर्यतीच्या गावी कशी टाचणी टोचलीय त्याची गोष्ट. “म्हणजे भिंतीवर पण मीच!” मावशी हसून हसून मालीश करायच्या विसरत.

एका दुपारी घाटाची शर्यत संपली. टाचणी तिसरी आली होती आणि हवेत होती. सर दाराशी आले. चहात साखर कमी आहे हे सांगावं तितक्या सहज म्हणाले, “एक किलो कमी असतीस तर आज पहिली आली असतीस.” आणि गेले.

झालं. एवढंच झालं. त्या वाक्याला ना आवाज होता ना धार. पण त्या दिवशी टाचणी पहिल्यांदा मालीश संपेपर्यंत गप्प राहिली.

आमच्या संघात ‘हलकं’ हा सगळ्यांत मोठा शब्द. सायकल हलकी, चाक हलकं, बूट हलके. रोज सकाळी मुली एकेक करून काट्यावर उभ्या राहत आणि सर वहीत आकडा लिहीत. आकडा उतरला की “शाब्बास!” चढला की नुसतं “हं.” त्या ‘हं’ची मुलींना इतकी धास्ती, की काट्यावर चढताना कानातले डूलसुद्धा काढून ठेवत.

टाचणीला दर आठवड्याला शाबासकी मिळू लागली. बाहेर टाळ्या, आणि मी मात्र आत घाबरत होतो. आधी ती पालथी पडली की माझ्या फोममध्ये एक मोठा उबदार खळगा पडायचा. आता दोन टोकं रुतायची, कमरेच्या हाडांची, जणू कुणी दोन लाकडी बटणं ठेवलीत. पाय गार. भर उन्हात ती मावशींकडे पांघरूण मागायची. उडी बंद झाली. नकला बंद झाल्या. नाश्त्याचं उकडलेलं अंडं ती टॉवेलमध्ये गुंडाळून आणायची, अर्धं कसंबसं खायची आणि अर्धं इंजिनला द्यायची.

एकदा इंजिन पलंगावर बसून तेच अंडं खात आपल्या पाळीची, म्हणजे मालीशच्या नंबराची, वाट पाहत होती. टाचणी भोकातून म्हणाली, “मावशी, माझी पाळी बंद झालीय. तीन महिने झाले.”

मावशींचे हात थांबले.

“अगं सुटलीस!” इंजिन तोंडातला घास सांभाळत म्हणाली. “माझीही पहिल्या मोसमात गेली होती. अंग शर्यतीला तयार झालं असं समजायचं. आता पांढरी चड्डी बिनघोर घाल!”

“तू गप गं,” मावशी म्हणाल्या. “पोरी, डॉक्टरला दाखवू या एकदा.”

टाचणीने मान वर केली. “नको, मावशी! सर मला संघातून काढतील. आणि आईला कळलं तर ती मला परत पाठवायचीच नाही. टेबलावरचं टेबलावर. तुम्हीच म्हणता ना?”

मावशी आपल्याच शब्दात अडकल्या. बराच वेळ त्या नुसत्या तिच्या गार पायांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आणि मी? मी चार पायांवर उभा होतो, तसाच उभा राहिलो. मित्रांनो, सगळं कळावं आणि काहीच करता येऊ नये, याच्यासारखी चिडचिड नाही.

त्याच सुमारास मावशींचं मनगट दुखू लागलं. हॉटेलांना लिफ्ट नसायची आणि मला उचलून तीन-तीन जिने चढायचे म्हणजे खायचं काम नव्हतं. संघाचे मेकॅनिककाका मोठे मायाळू. पण त्यांना वजन कमी करायचं वेडच होतं. लटकवायचा काटा कायम खिशात. स्क्रू मोजायचे, नट मोजायचे, स्वतःच्या पट्ट्याचं लोंबणारं टोकही त्यांनी कापून टाकलं होतं. ते म्हणाले, “मावशी, तुमचं हे धूड मला द्या एक तास. चिमटीत धरून न्याल असं करतो.”

आणि त्यांनी माझ्या पायांमधल्या दोन्ही आडव्या पट्ट्या काढल्या. “नुसत्या शोभेच्या होत्या हो! तारा आहेतच की.” काट्यावर मला लटकवून ते ओरडले, “सव्वा किलो गेलं!” मुलींनी टाळ्या पिटल्या. सर जाता जाता थांबले. “बघा, टेबलाने सव्वा किलो उतरवलं. तुम्ही काय करताय?”

खरं सांगतो, तेव्हा मलाही गुदगुल्या झाल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा सर माझ्याबद्दल चांगलं बोलले होते. हत्ती पेलणारा मी, हलका म्हणवून घेतल्यावर फुशारलो. माझीच अक्कल गहाण पडली, तर सतरा वर्षांच्या पोरीला मी काय नावं ठेवू?

दहा-बारा दिवसांत माझा डावा मागचा पाय सांध्यात हलू लागला. तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा आवाज फुटला. कुर्र! बस, एवढाच. पण मला केवढा आनंद झाला! आता सांगता येईल. पाय ढिला झालाय, कुणीतरी खाली वाकून बघा!

इंजिन माझ्यावर पडली. कुर्र!

“ऐकलंत?” ती ओरडली. “टेबल कण्हतंय! आजपासून मला भात नको!” सगळ्या खिदळल्या.

मग टाचणी आली. मी जीव तोडून पुन्हा म्हणालो, कुर्र! कुर्र!

ती ताडकन उठून बसली. चेहरा पांढराफटक. “माझ्याखाली पण?” ती हळूच म्हणाली. आणि दुसऱ्या दिवसापासून अर्धं अंडंही बंद झालं.

मला जो एकमेव शब्द येत होता, तो मी तिला वाचवायला उच्चारला, आणि तिने ऐकलं, ‘तू जड आहेस.’ त्या रात्रीपासून आवाज करावा की करू नये, हेच मला कळेना. तो प्रश्नही लवकरच सुटला. मेकॅनिककाकांनी साखळीचं तेल आणलं, सांध्यात दोन थेंब सोडले. “घ्या, गप्प झालं.” झालोच.

पुढची शर्यत सात दिवसांची होती. सहाव्या दिवशी क्रीडा संकुलातल्या त्या ठिबकणाऱ्या नळाच्या खोलीत मला उघडलं होतं. टाचणी लंगडत आली. गेले पंधरा दिवस मांडीच्या मुळाशी कळ येते म्हणत होती, पण “स्नायू आखडलाय” एवढंच सगळ्यांनी ठरवलं होतं. ती चौथी आली होती. उडी नाही, बडबड नाही. कडेवर बसली, पाखरासारखी.

आणि माझा डावा पाय आत दुमडला.

इतकी वर्षं इंजिनला पेललं, सात-सात दिवसांच्या शर्यतींनी थकलेल्या पोरी झेलल्या, आणि मोडलो कुणाखाली, तर टाचणीखाली! अडीच फुटांवरून ती फरशीवर आपटली. दोन आवाज आले. एक माझ्या लाकडाचा. दुसरा लाकडाचा नव्हता.

सर धावत आले. मुलीला गाडीत घातलं. परत येऊन त्यांनी मला एक लाथ घातली आणि म्हणाले, “एवढंसं पडून कुणाचं हाड मोडतं का?” प्रश्न अगदी बरोबर होता. विचारला मात्र माझ्याकडे बघून.

दुसऱ्या दिवशी मावशी दवाखान्यातून आल्या आणि व्हॅनच्या मागच्या दारात बसल्या. मी तिथेच आडवा पडलो होतो. मेकॅनिककाका माझा मोडका पाय हातात घेऊन बसले होते.

“खुब्याच्या हाडाला चीर होतीच म्हणे आधीपासून,” मावशी म्हणाल्या. “पडली म्हणून ती वाढली. ऑपरेशन टळलंय, पण सहा आठवडे पाय टेकायचा नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे हाड सत्तरीच्या बाईचं शोभेल. आणि विचारलं, पाळी वेळेवर येते का? आई शेजारीच उभी. पोरगी म्हणाली, येते.”

“मग तुम्ही सांगायचं ना!”

“तिने माझ्याकडे बघितलं हो. कसं बघितलं म्हणून सांगू! माझं तोंडच उघडेना.” मावशींनी डोळ्यांना पदर नव्हे, माझाच टॉवेल लावला. “आता डॉक्टरबाई म्हणतात, दोन महिन्यांनी सायकल चालव. त्यांना खरं कुठे माहीत आहे? अशीच रिकाम्या पोटी परत आली तर दुसरा खुबाही जाईल. मग चालायचे वांधे, सायकल तर लांबच.”

काकांनी तो मोडका पाय खाली ठेवला. मग म्हणाले, “पट्ट्या मी काढल्या, मावशी. मीच.”

संघाने ॲल्युमिनियमचं नवं टेबल घेतलं. मला गोदामात जुन्या टायरांमागे लोटलं. तीन आठवडे अंगावर रबराची धूळ आणि कानात तो दुसरा आवाज. मी काय करणार? मिटून पडलेल्या टेबलाला कूस बदलायचीही सोय नसते.

एके सकाळी काका आले. हातात दोन आडव्या पट्ट्या, आधीच्यापेक्षा जाड. त्यांनी माझा पाय जोडला, पट्ट्या ठोकल्या, आणि या वेळी काटा खिशातून काढला नाही. मावशींनी संघातून रजा घेतली होती. टाचणीच्या पाठीला आणि चांगल्या पायाला मालीश करायला त्यांनी मला तिच्या घरी नेलं.

तेव्हा मी ती भिंत पाहिली. नकाशा, त्यावर लाल डोक्यांच्या टाचण्या. बाबांनी आणखी एक टोचून ठेवली होती, दोन महिन्यांनंतरच्या मोठ्या शर्यतीची. आई भरलेली ताटली आणायची आणि जवळजवळ भरलेलीच परत न्यायची. दोघांत रोज तेच. “आता पुरे झालं सायकल प्रकरण!” आई म्हणायची. “अगं, संघात जागा मिळायला लोक जीव टाकतात,” बाबा म्हणायचे. आणि मधे टाचणी, कुबड्या मांडीवर घेऊन, कुणालाच काही न सांगणारी.

चौथ्या दिवशी मावशींनी दार लोटलं. “ऐक,” त्या म्हणाल्या. “टेबलावरचं टेबलावर हा नियम मी रुसव्याफुगव्यांसाठी केला होता. हाडांसाठी नाही. तुला तेव्हाच दंडाला धरून डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. नेलं नाही, ती माझी चूक. आता घरात तू सांग. तू नाही सांगितलंस, तर सोमवारी मी सांगणार. मग माझं तोंड बघितलं नाहीस तरी चालेल.”

पालथ्या टाचणीने तोंड भोकातच ठेवलं. भोकातून फरशीवर टपटप सुरू झालं. या वेळी मावशींनी ते पायाने पुसलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूची विनंती ती केवढी असणार? खुर्ची कुरकुरली, दार कण्हलं, सायकल कटकटली, तर तेलाची बाटली शोधण्याआधी एकदा खाली वाकून बघत जा. कुठलातरी स्क्रू निघालेला असेल, कुणीतरी पट्टी काढलेली असेल. आम्हाला एकच आवाज येतो, त्यातच आमचं सगळं सांगणं असतं. तुम्हाला तर देवाने अख्खी भाषा दिलीय. ती वापरायला कुणाची परवानगी लागते, हे मला आजवर कळलेलं नाही.

रविवारी दुपारी सरांचा फोन आला. बाबांनी तो मोठ्या आवाजावर टाकला. टाचणी माझ्या कडेवर बसली होती, आई दारात ताटली घेऊन उभी होती, मावशी खिडकीशी टॉवेल घडी करत होत्या.

“दोन महिने म्हणजे दोन महिने,” सरांचा आवाज आला. “जागा राखून ठेवलीय. फक्त बसून बसून वजन वाढू देऊ नका. जेवण सांभाळा.”

“हो सर, अगदी!” बाबा म्हणाले. फोन ठेवून ते उजळलेल्या चेहऱ्याने वळले. “ऐकलंस? राखून ठेवलीय!”

टाचणीने माझी कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. तिची नखं रेक्झिनमध्ये रुतली. मी नव्या पट्ट्यांवर जितकं ताठ राहता येईल तितका ताठ राहिलो. माझ्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं.

“बाबा, बसा,” ती म्हणाली. “आई, तूही बस. ताटली इकडे दे.”

“का गं? दुखतंय का?” आई घाईने पुढे आली.

“दुखतंय, पण ते नाही.” ताटली तिने शेजारी, माझ्यावर ठेवली. “मला पाच महिने पाळी आलेली नाही. मी जेवत नव्हते. डॉक्टरबाईंना मी खोटं सांगितलं, आई, तुझ्यासमोर. हाड त्यामुळे ठिसूळ झालंय, टेबलामुळे नाही.”

बाबांनी आधी नकाशाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग उठून ते दाराकडे निघाले. पाळीचा विषय निघाला की बाहेर जाणाऱ्या सगळ्या बाबांसारखेच.

“बाबा, जाऊ नका. माझं ठरलंय. मी सायकल सोडणार नाही, पण या मोसमात मी जात नाही. पाळी परत येईपर्यंत नाही, आणि नंतरही त्या सकाळच्या काट्यावर मी उभी राहणार नाही. सरांना हे मीच सांगीन, तुम्ही माझ्यासाठी ‘हो सर’ म्हणायचं नाही. आणि उद्या सकाळी आपण तिघं डॉक्टरबाईंकडे जातोय, मी खरं सांगायला. तुम्ही बाहेरच्या बाकावर पेपर वाचत बसायचं नाही, बाबा. आत यायचं.”